दिसणारं पाणी

अहेरी, १४ जुलै २०२४

राजदीप, जय भीम.

चार वर्षांनी तुझा मेसेज आला आणि त्यात एक व्हिडिओ. कशी आहेस नाही, माय कशी आहे नाही. निळं पाणी, त्यात म्हशीच्या पारड्याएवढी काळी जनावरं गिरक्या घेतायत, एक तुझ्या पायातलं रबरी वल्हं चावतंय आणि तू कॅमेऱ्याला अंगठा दाखवतोयस. खाली लिहिलंस, 'बाई, हे सी लायन. तुले दाखवाचं आहे. तिकीट पाठवतो, ये.'

मी हे कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवते आहे. फोन करणार नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मी गप्प बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

मायला व्हिडिओ दाखवला. मोबाइल डोळ्यांशी धरून ती कितीतरी वेळ बसली. "हा आपला राजू व्हय? किती खाली गेला हो. याले भेव नाई वाटत?" मी मोबाइल परत घेतला.

तू विचारलं नाहीस तरी सांगते. मायचे गुडघे गेलेत. रोशनी गेली त्याच साली अश्विनने चंद्रपूरला बदली मागून घेतली. तुझा भाऊजी आता चौदा एप्रिलला येतो, दोन दिवस राहतो, जातो. घरात तिसरं माणूस नसलं की आम्हा नवराबायकोला बोलायला काही सुचत नाही. मी अजून त्याच दवाखान्यात आहे. माझी पोर असती तर यंदा एकोणीसची झाली असती.

तुझं तिकीट नको. समुद्रातली जनावरं बघायला मी सात समुद्र ओलांडून यावं असं तुझं माझं काही उरलेलं नाही.

— गुलाब


अहेरी, ३ सप्टेंबर २०२४

राजदीप,

तू पुन्हा लिहिलंस. 'बाई, एकदा ये. इथी पाण्यात सगळं दिसते. तुले समजंल मी काय करतो ते.'

'सगळं दिसते' हे वाचून मी रात्रपाळीत दोन वेळा एकाच पेशंटचं बीपी घेतलं.

तुला आठवत नसेल तर लिहून ठेवते. ११ ऑक्टोबर २०२०. शाळा बंद, तुझं अंदमानातलं पाणबुड्याचं कामही बंद, म्हणून तू सहा महिने घरी. रोशनी मैत्रिणीच्या घरी पलीकडच्या तेलंगणाच्या काठाला जायला निघाली. डोंग्यात नऊ जण. प्राणहितेच्या मधल्या डोहावर डोंगा उलटला. सात जण पोहून, डोंगा धरून निघाले. मनकर्णाबाई आणि रोशनी नाही निघाल्या. मी कोविड ड्युटीवरून धावत काठावर आले तेव्हा तू गॉगल चढवून पाण्यात उतरत होतास. अख्खं गाव तुझ्याकडे बघत होतं. मला काय धीर आला होता! माझा भाऊ पाणबुड्या आहे, परदेशी लोकांना पाण्याखाली हिंडवतो.

तू वर आलास आणि म्हणालास, "बाई, काहीच दिसत नाई. गढूळ आहे. खाली कोणीच नाई. वाहून गेली असंल, पुढं कुठी काठाले लागली असंल. तिकडं पाहा."

म्हणून मी धावले. खालच्या घाटापर्यंत, तिथून पुढे वाळूतून दोन कोस, प्रत्येक झुडपाशी तिचं नाव घेत. मी तिकडे हाका मारत होते तेव्हा नावाडी लहानूभाऊंनी तिला इकडे त्याच डोहातून वर काढलं. माझ्या मुलीला पाण्यातून काढलं तेव्हा मी तिथे नव्हते. माय होती. मायने तिच्या तोंडावरचा गाळ पदराने पुसला. ते काम माझं होतं.

आणि तू तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीआधीच बल्लारशाहून चेन्नईची गाडी पकडलीस.

मला ते पाणी बघायचं आहे ज्यात तुला दिसतं. तिकीट पाठव. नोव्हेंबरात रजा मिळेल.

— गुलाब


अहेरी, ८ डिसेंबर २०२४

राजदीप,

परत येऊन बारा दिवस झाले. मायला तुझी खुशाली सांगितली. तू जाड झालास, तिथल्या मक्याच्या भाकरी खातोस, दाढी ठेवलीस, एवढंच. बाकीचं तुलाच लिहिते आहे, कारण बोटीवर माझ्या तोंडून दोनच वाक्यं निघाली आणि नंतरचे चार दिवस आपण दोघांनी जेवण छान आहे यावर काढले.

आधी खरं ते मान्य करते. तू तुझ्या कामात चांगला आहेस. पहिल्या दिवशी मला टाकीत उभं करून तू नळीतून श्वास घ्यायला शिकवलंस. घाई केली नाहीस. मी तीनदा नळी थुंकली, तू तीनदा परत तोंडात दिलीस. "बाई, श्वास रोखाचा नाई. एवढं एकच ध्यानात ठेव. बाकी मी आहो." तुझ्या डोळ्यांत बघून मी श्वास घेतला. मला स्वतःचा राग आला, इतक्या लवकर मी विश्वास ठेवला म्हणून.

त्या खडकांच्या बेटावर गेलो तो दिवस. बोटीत आपण दोघं, बोटवाला आणि तुझे चार पाहुणे. लांबूनच वास आला, मासळीबाजाराचा. खडकांवर शेकड्याने ती जनावरं आडवी पडून भुंकत होती. सगळे तुला 'राज, राज' करत होते. ती कॅनडाची पांढऱ्या केसांची बाई मला हळूहळू इंग्रजीत समजावून सांगत होती. गेल्या वर्षी पाण्याखाली ती घाबरली होती, तेव्हा तू तिला वरपर्यंत आणलंस. माझ्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "तुमचा भाऊ हात सोडत नाही."

मी हसले. दुसरं काय करणार?

मग तू मला खाली नेलंस. कान दुखले, तू नाक धरून फुंकायला खूण केलीस, कान सुटले. आणि राजदीप, तिथे खरंच सगळं दिसतं. तळाचे दगड मोजता येतात. पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा उन्हात वळला की ताट घासल्यासारखा चकाकतो. वरून ती पिल्लं आली. खडकावर गोण्यांसारखी पडलेली जनावरं पाण्यात अशी लवचीक होतील असं वाटलं नव्हतं. आपल्या इंद्रावतीत पाणमांजरं असतात तशी, पण मोठ्या डोळ्यांची आणि निर्भय. एक माझ्यासमोर उलटं लटकून राहिलं आणि माझ्या तोंडातून निघालेले बुडबुडे बघून त्याने स्वतःचे सोडले. एकाने माझ्या हाताची बोटं तोंडात धरली. चावलं नाही. लहान मूल रस्ता ओलांडताना धरतं तेवढंच धरलं. मी हात काढून घेतला नाही. चार वर्षांत मी इतकी स्वस्थ कुठेच नव्हते. ते तुझ्यामुळे झालं, हे लिहिताना हात जड होतो.

लांबून मोठा नर आला, बैलाएवढा, पाण्यातही भुंकत. तू माझ्या आणि त्याच्या मध्ये आलास, मला खडकाला चिकटवलंस आणि तो निघून जाईपर्यंत हलला नाहीस.

वर आलो, बोटीत चहा घेतला, आणि मग बोटवाल्याला ते पिल्लू दिसलं. खडकाच्या पायाशी, गळ्याला नायलॉनची मासे धरायची दोरी, दुसरं टोक खाली दगडात अडकलेलं. वर श्वास घ्यायला येत होतं आणि त्याचं जेमतेम नाकच पाण्याबाहेर पोचत होतं. बोटवाला तुला ओरडून सांगत होता की थांब, सुटकेच्या पथकाला कळवलंय, ते येतील. तू थांबला नाहीस. चाकू घेऊन उतरलास. पहिल्यांदा वर आलास तेव्हा नुसतं डोकं हलवलंस आणि परत गेलास. दुसऱ्यांदा वर आलास तेव्हा मनगटातून रक्त येत होतं, पिल्लाने चावलं होतं. मला वाटलं, आता बस. तू परत गेलास. तिसऱ्यांदा ते पिल्लू तुझ्याआधी वर आलं, मोकळं, आणि आईकडे गेलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅनडावाली रडत होती. तू शिडी चढून माझ्याजवळ बसलास, मनगट पुढे केलंस, आणि मी सवयीने पट्टी बांधायला घेतली. बांधता बांधता विचारलं.

"याच्यासाठी तीनदा गेला. रोशनीसाठी किती वेळा?"

तू म्हणालास, "एकदा."

आणि मी काही न विचारता पुढे म्हणालास, "बाई, मले तिचा हात लागला होता."

मी पट्टी धरून होते.

"गाळात होती. माह्या हाताले तिची बोटं लागली. बांगडी लागली. मले समजलं ती आहे म्हणून. आन् माहा हात सुटला. मी सोडलो. वर आलो. तू समोर उभी होती, तुले कसं सांगू? तोंडातून निघून गेलं, खाली कोणीच नाई म्हणून."

लोक अजून टाळ्या वाजवत होते. आपली भाषा त्यांच्यातल्या एकालाही येत नव्हती. कुणी तरी आपला दोघांचा फोटो काढला. तुला तो मिळाला असेल. मला पाठवू नकोस.

मी नर्स आहे. मिनिटं मला कळतात. तू उतरलास तेव्हाच अर्धा तास होऊन गेला होता. तू तिला वर आणलं असतंस तरी ती जिवंत नसती, हे मी तुझ्याआधी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. मी तिच्या जिवाचा जाब विचारत नाही. तू मला त्या वाळूतून धावायला लावलंस. ती वाहून कुठेतरी काठाला लागली असेल, बसली असेल, भिजलेली, रडत, अशी आशा तू माझ्या हातात दिलीस, आणि ती खोटी आहे हे त्या काठावर एकट्या तुला ठाऊक होतं.

— गुलाब


अहेरी, १९ जानेवारी २०२५

राजदीप,

तुझं उत्तर आलं. त्यात तू बोटीवरचं तुझं ते शेवटचं उत्तर पुन्हा लिहिलं नाहीस. मोठेपणा केलास. मीही मागच्या पत्रात ते गाळलं होतं. पट्टी बांधून झाल्यावर मी म्हणाले, "तू माणूस नाईस." तेव्हा तू म्हणालास, "तिले पोहता येत असतं तर? मी शिकवतो म्हणत होतो. तूच नाई म्हटली होती."

ते खरं आहे.

त्या वर्षी मे महिन्यात ती रोज माझ्या मागे लागत होती. "मम्मी, मामा शिकवतो म्हणते, जाऊ दे ना." मी स्वतः त्याच नदीत पोहायला शिकले, तुला शिकवलं. तरी नाही म्हणाले. पंधराची झाली होती. काठावर पोरं बसतात, ओले कपडे, लोक काय म्हणतील. तिला म्हटलं, "आता तू मोठी झाली." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. डोंगा उलटला तेव्हा पोहता येणारे सगळे निघाले. मनकर्णाबाईंना येत नव्हतं. तिला येत नव्हतं.

हे मी अश्विनला सांगितलेलं नाही. त्याला वाटतं तू तिला शिकवलं होतंस, ती पोहू शकत होती आणि धारेने ओढली. चार वर्षं मी त्याला तसंच वाटू दिलं. तर खोटं आपल्या घरात तू एकट्याने आणलेलं नाही.

पण म्हणून तुझं माझं फिटलं असं समजू नकोस. मी नाही म्हणाले तेव्हा मला ठाऊक नव्हतं काय होणार. तू 'कोणीच नाई' म्हणालास तेव्हा तुला ठाऊक होतं काय झालंय.

काही दिवस लिहू नकोस.

— गुलाब


अहेरी, ११ मे २०२५

राजदीप,

लिहिणार नव्हते. पण गेल्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या आणि दुसरी तुला कळायलाच हवी.

मी लहानूभाऊंकडे गेले. आता ते डोंगा चालवत नाहीत, जाळी विणत बसतात. त्यांना म्हटलं, "भाऊ, मले त्या डोहात नेता का? खाली, तळाले." त्यांनी काऊन म्हणून विचारलं नाही. जाळं बाजूला ठेवलं, म्हणाले, "उन्हाळ्यात पाणी कमी आहे. सकाळी ये."

सकाळी गेलो. कमरेला दोर बांधला, हातात दगड दिला, म्हणाले, "दगड नेते खाली. श्वास संपला की दगड सोड, दोर ओढ, मी ओढतो." मी डोहात गेले. वर पाणी हिरवट होतं, चार हात खाली काळं. तळाला पाय टेकला आणि गाळ उठला. डोळे उघडे होते की मिटलेले ते मला सांगता येणार नाही. नुसते हात. चाचपडत होते, आणि हाताला काहीतरी लागलं. लांबट, गार, बुळबुळीत. मला ठाऊक होतं की तिथे कोणी नाही. पाच वर्षं होत आली, तिथे कोणी असणार नाही. तरी माझा हात मागे आला. मी ठरवलं नव्हतं. आला. दोर ओढायचंही भान राहिलं नाही, पाण्यात ओरडले, नाकातोंडात पाणी गेलं. लहानूभाऊंनी ओढून काढलं.

डोंग्याची कड धरून मी ओकले. ते म्हणाले, "लाकूड असंल."

मी विचारलं, "भाऊ, तुमचा हात कधी सुटला का?"

"पयल्यांदा सुटला होता. माह्या चुलतभावाले काढाले गेलो होतो. हात आपसूक सुटते बाई, त्याले कोणी काही करत नाई."

"मग?"

"मग काय. सुटला म्हून वर येऊन सांगतलो. बापाले सांगतलो, मले लागला, पण मी सोडलो. बाप म्हणे, आता जागा समजली ना? जा परत. गेलो."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "जाते परत?" मी गेले. लाकूडच होतं. पळसाचं खोड.

म्हणून हे लिहिते. तुझा हात सुटला, त्याबद्दल माझ्याकडे आता बोलायला काही नाही. माझाही सुटला, आणि तेही नुसत्या लाकडावरून. त्या एका गोष्टीसाठी मी तुला जे जे म्हणाले ते परत घेते. बाकीचं घेत नाही.

आता दुसरी गोष्ट.

मी ओल्या कपड्यांनी घरी आले, तर माय घाबरली. कुठे गेली होती, काऊन गेली होती. मी तिला सांगायला बसले. मला सांगायचं होतं ते लहानूभाऊंचं, हात आपोआप सुटतो ते. पण त्या आधी काय झालं ते सांगितल्याशिवाय ते कसं सांगणार? म्हणून पहिल्यापासून सांगत गेले. बोट, पिल्लू, तुझं मनगट, रोशनीची बांगडी. 'मी सोडलो' इथवर आले आणि माय उठली. पुढचं तिने ऐकलंच नाही. आत गेली, भिंतीकडे तोंड करून निजली.

दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन गेले तर म्हणाली, "मले काऊन सांगतलं?"

"तुले खरं माहीत असावं म्हणून."

"खऱ्याचं मी काय करू? पोरगी गेली, जावई दूर गेला, तू हसत नाईस. त्या पोराचं एक होतं. शेजारणीले सांगत होती, माहा राजू सगळ्यात आधी पाण्यात उडी घेतला म्हणून. पाच वर्षं तेच सांगत होती. तू मोकळी झाली, बाई. आता मी काय सांगू लोकाइले?"

मी ताट तिथेच ठेवलं. तुझ्यावरचा राग मी इतकी वर्षं नीट जपून ठेवला होता, कोणाच्या अंगावर सांडू दिला नव्हता. सांडला तो तिच्यावर. आणि मला वाटत होतं की तिला कळेल तेव्हा मला बरं वाटेल. मी खोटं बोलत नाही, राजदीप, तसं वाटत होतं. नाही वाटलं.

ती अजून शेजारी जात नाही. सकाळी ओसरीवर बसते, कोणी तुझं विचारलं तर "बरा आहे" म्हणते आणि आत येते. तुझं नाव घेत नाही.

मी तुला इकडे बोलवत नाही. मला तू समोर नको आहेस, निदान यंदा नको. पण मायला फोन कर. तुझ्या तोंडून सांग. हात सुटला ते सांग, खोटं बोललास ते सांग, काही गाळू नकोस, रडू नकोस, आणि समुद्राचं काही बोलू नकोस. संध्याकाळी सहाला कर, तेव्हा मी ड्युटीवर असते.

ती उचलणार नाही. तरी कर.

— गुलाब